विश्लेषण : मधुमेहींच्या पायाची भरलेली जखम परत का येते?

ड्रेसिंगची शेवटची पट्टी निघते, डॉक्टर ‘जखम भरली’ असे सांगतात आणि घरातले सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. काही महिने जपून टाकलेली पावले हळूहळू पूर्वीसारखी पडू लागतात. खास बनवून घेतलेली चप्पल दाराबाहेरच्या रॅकमध्ये जाते, कारण ‘आता काय, बरा झालाय पाय’. मग एके दिवशी मोज्यावर पिवळसर डाग दिसतो किंवा फरशीवर ओला ठसा उमटतो. जखम परत आलेली असते, बहुतेकदा त्याच जागी किंवा शेजारी. जखम भरली आणि पाय बरा झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक रुग्णाला, कुटुंबाला आणि आरोग्यव्यवस्थेलाही नीट न कळल्यामुळे अनेकांचे पाय धोक्यात येतात.

जखम परत येण्याचे प्रमाण किती?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. या सर्वांना पायाची जखम होत नाही. ज्यांना एकदा होते, त्यांच्यासाठी मात्र पुढचा काळ अधिक जोखमीचा असतो. जगभरातील अभ्यासांचा आढावा घेणारा एक लेख २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्यानुसार जखम भरल्यानंतर एका वर्षात सुमारे ४० टक्के, तीन वर्षांत जवळपास ६० टक्के आणि पाच वर्षांत ६५ टक्के रुग्णांना पुन्हा जखम होते. म्हणूनच त्या लेखाच्या लेखकांनी असा पाय ‘बरा झाला’ असे न म्हणता, कर्करोगाबाबत म्हणतात तसे आजार तूर्त ‘शांत झाला आहे’ असे म्हणावे, असे सुचवले. शब्द बदलला की वागणेही बदलते. शांत झालेल्या आजारावर लक्ष ठेवावे लागते, हे सर्वांना पटते.

भरलेल्या जागी पुन्हा जखम का होते?

मूळ जखम ज्या कारणांनी झाली, ती कारणे जखम भरल्यावरही तिथेच असतात. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे पायाच्या नसा खराब होतात. त्याचे तीन परिणाम होतात. पहिला, तळव्याची संवेदना जाते. दुसरा, पायाच्या पंजातले लहान स्नायू अशक्त होऊन बोटे आखडतात आणि सगळा भार पंजाखालच्या हाडांच्या टोकांवर येतो. तिसरा, घाम कमी येऊन त्वचा कोरडी पडते आणि टाचांना भेगा जातात. जिथे भार जास्त, तिथे घट्टा तयार होतो. हा घट्टा म्हणजे चपलेत कायम अडकलेला खडाच. त्याच्या खाली आतल्या आत रक्त साकळते आणि वरून काही दिसत नसतानाही जखम तयार होत जाते.

त्यात जखमेच्या व्रणाची त्वचा मूळ त्वचेइतकी मजबूत कधीच होत नाही. ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी आहे, त्यांना छोटीशी ओरखडही भरून काढता येत नाही. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट यांमुळे हा रक्तपुरवठा आणखी घटतो. साखर नियंत्रणात आणणे अत्यावश्यक आहेच, पण गेलेली संवेदना त्याने सहसा परत येत नाही. ‘शुगर नॉर्मल आहे, मग पायाची काय काळजी?’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

दुखत नाही, हीच अडचण कशी?

हे कोडे उलगडण्यात भारताचा मोठा वाटा आहे. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ मध्ये रुजू झालेले डॉ. पॉल ब्रँड पुढे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करू लागले. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’, असा तोवर सर्वसाधारण समज होता. ब्रँड यांच्या लक्षात आले, की बोटे आजाराने झडत नाहीत. वेदनाच जाणवत नसल्याने रुग्ण भाजतात, कापून घेतात, एकाच जागी दाब देत राहतात आणि त्या जखमांमुळे अवयव गमावतात. काही रुग्णांची बोटे तर रात्री झोपेत उंदरांनी कुरतडल्याचे आढळले होते. पुढे अमेरिकेत काम करताना त्यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायांना लावला.

आपण खडा टोचला की पाय उचलतो, चप्पल चावली की लंगडतो, फार चाललो की बसतो. हे सगळे निर्णय वेदना आपल्यासाठी घेत असते. ती गेली, की तेच काम डोळे, हात आणि घड्याळ लावून ठरलेल्या सवयी यांनी करावे लागते. पुढे सांगितलेल्या सगळ्या सवयींमागचा विचार एवढाच आहे.

सर्वाधिक दुर्लक्ष घरातच का होते?

नेदरलँड्समधील एका अभ्यासात पायाला पूर्वी जखम झालेल्या मधुमेहींच्या खास बुटांत बारीक यंत्र बसवून ते प्रत्यक्षात किती वापरले जातात, हे मोजण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्ण घराबाहेर ८७ टक्के पावले खास बुटांत टाकत होते, घरात मात्र केवळ ६१ टक्के. आणि दिवसभरातली जास्त पावले घरातच पडत होती. याच संशोधकांच्या दुसऱ्या निष्कर्षानुसार, दाब मोजून सुधारलेले बूट ज्यांनी किमान ८० टक्के पावलांना वापरले, त्यांच्यापैकी सुमारे २६ टक्क्यांना दीड वर्षात पुन्हा तळव्याला जखम झाली. तितक्याच नेमाने साधे खास बूट वापरणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४८ टक्के होते. बूट योग्य असावा लागतो आणि तो पायातही असावा लागतो.

हे त्या देशाचे चित्र, जिथे घरात बूट घालणे वावगे मानले जात नाही. आपल्याकडे तर उंबरठ्यावर चप्पल काढणे हा संस्कार आहे. स्वयंपाकघर, देवघर, ओले न्हाणीघर, गच्चीवरची तापलेली फरशी, दारातली रांगोळी ही सगळी पावले अनवाणीच पडतात. नातवाच्या खेळण्याचा तुकडा, नारळाच्या करवंटीचा कपचा किंवा खाली पडलेली टाचणी तळव्यात घुसली तरी कळत नाही. म्हणून स्पष्टच म्हणायला हवे, की पायाला एकदा जखम झालेल्या मधुमेहीने घरातही चप्पल घातलीच पाहिजे. बाहेरची घरात आणायची नसेल तर घरासाठी वेगळी, स्वच्छ, तेवढीच योग्य चप्पल ठेवावी. रात्री उठताना ती पलंगाशेजारी हाताला लागेल अशी असावी. ‘देवघरात चप्पल?’ असा प्रश्न ज्येष्ठांना पडणारच. त्यावर पूजेला पाटावर किंवा खुर्चीत बसून मगच चप्पल काढावी आणि उठण्याआधी घालावी, हा साधा मार्ग आहे. सोवळे मोडत नाही आणि अनवाणी चालणेही टळते.

रोजच्या दहा मिनिटांत काय करायचे?

वेळ ठरवून घ्यावी. रात्रीच्या गोळ्यांची किंवा इन्सुलिनची वेळ सोयीची, कारण ती सहसा चुकत नाही.

● पाहणे : दोन्ही तळवे, टाचा, बोटांची टोके आणि बोटांमधल्या खाचा उजेडात पाहाव्यात. लाली, फोड, भेग, काळसर डाग, ओलसरपणा, नवा घट्टा शोधावा. वाकता येत नसेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा पायाखाली धरावा. तोच आरसा. आठवड्यातून एकदा तळव्याचा फोटो काढून ठेवला तर बदल तुलनेने कळतो.

● दुसऱ्याचे डोळे : मधुमेहाने नजरही कमी झालेली असू शकते. अशा वेळी घरातल्या कोणीतरी पाहावे. आपल्याकडे सणासुदीला मोठ्यांच्या पायांवर डोके ठेवले जाते, पण तळवा कोणी पाहत नाही. आईवडिलांचा पाय मांडीवर घेऊन तळवा पाहण्यात संकोच कसला?

● धुणे आणि पुसणे : पाणी कोमट असावे. ते पायाने तपासू नये, कोपराने किंवा दुसऱ्या माणसाच्या हाताने तपासावे. पाय भिजत ठेवू नयेत. बोटांमधली जागा मऊ कापडाने टिपून कोरडी करावी. पावसाळ्यात तिथे चिखल्या होतात आणि जंतूंना वाट मिळते.

● तेल किंवा क्रीम : तळव्याला आणि टाचेला लावावे, बोटांच्या मध्ये लावू नये.

● चप्पल-बूट झटकणे : घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत हात फिरवावा. खडा, खिळ्याचे टोक, दुमडलेले अस्तर हाताला कळते, पायाला कळत नाही.

● मोजे : रोज धुतलेले, शिवण न टोचणारे, घट्ट इलॅस्टिक नसलेले. रंग शक्यतो पांढरा किंवा फिका असावा, म्हणजे डाग लगेच दिसतो.

काय अजिबात करायचे नाही?

घट्टा किंवा कुरूप ब्लेडने कापू नये. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्यांमध्ये आम्ल असते, त्याने निरोगी त्वचाही जळते. वजरीने टाचा खरवडणे संवेदना असलेल्या पायासाठी ठीक, पण बधिर पायाला किती घासले ते कळत नाही. घट्टा प्रशिक्षित व्यक्तीकडूनच ठरावीक काळाने काढून घ्यावा. तो काढला की त्या जागेवरचा दाब लक्षणीय कमी होतो. म्हणजे हे सौंदर्योपचार नाहीत, जखमेवरचा प्रतिबंध आहे.

पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक किंवा हीटर जवळ घेऊ नये. भाजल्याचे सकाळीच कळते. नखे सरळ कापावीत, कडा खोल कोरू नयेत. नजर कमी असेल तर ती दुसऱ्याकडून कापून घ्यावीत. घट्ट झालेली जोडवी सूज असताना बोटात रुतू शकतात, ती सैल करावीत किंवा काढावीत. बागांमधल्या खडे बसवलेल्या ॲक्युप्रेशर पट्ट्यांवर अनवाणी चालणे आणि काटेरी तळाच्या चपला वापरणे बधिर पायासाठी घातकच. जखमेवर हळद, चुना, टूथपेस्ट लावून दोन दिवस वाट पाहणे हे सर्वांत महाग पडते.

चप्पल कशी असावी?

वेल्लोरमध्ये ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांसाठी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला प्रचारात आणल्या. त्याच एमसीआर चपला आज मधुमेहींनाही दिल्या जातात. वरचा थर मऊ, खालचा थर कडक, म्हणजे दाब पसरतो आणि काटा आरपार जात नाही. मागे टाचेला पट्टा हवा. नुसत्या अंगठ्याची चप्पल बधिर पायातून निसटली तरी कळत नाही आणि तिचा पट्टा बोटांच्या बेचक्यात घासतो. कडक तळाची कोल्हापुरी दिसायला देखणी असली तरी या पायांसाठी नाही.

खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर पायाचा आकार काढून नेला तर चप्पल अरुंद आहे का ते लगेच समजते. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचे म्हणणे मानू नये. नवी जोडी पहिल्या दिवशी अर्धा-एक तास घालून लगेच पाय तपासावा. पायाचा आकार बदलला असेल किंवा बोट काढलेले असेल, तर बाजारातली तयार चप्पल पुरत नाही. मापाने बनवलेलीच लागते. आतला मऊ थर दबून सपाट झाला की ती बदलावी, वरून कितीही नवी दिसली तरी. दुचाकीवर बसताना पाय झाकणारे पादत्राण हवे. सायलेन्सरचा चटका बधिर पायाला कळत नाही.

वारी, देवदर्शन आणि व्यायामाचे काय?

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात विसावते, तेव्हा पुणेकर वारकऱ्यांचे पाय चेपून देतात, चपला दुरुस्त करून देतात. थकलेल्या पायांची काळजी हा आपल्याकडे सेवेचा भाग आहे. ज्याच्या पायाला जखम होऊन गेली आहे, त्याने अनवाणी वारी, नवरात्रातले अनवाणी व्रत किंवा उन्हात देवळाची प्रदक्षिणा करू नये. मंदिरात चप्पल काढावीच लागते. अशा वेळी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर जावे, जाड मोजे घालावेत, अंतर कमी ठेवावे आणि घरी येताच तळवे पाहावेत. मोजे हा चपलेला पर्याय नाही, ती तडजोड आहे. पर्वतीवर जायचेच असेल तर पायऱ्या योग्य पादत्राणे घालूनच चढाव्यात.

व्यायाम बंद करायचा नाही. जखम पूर्ण भरलेली असेल तर चालणे हळूहळू, डॉक्टरांना विचारून वाढवावे. दिवसभर बसून राहून रविवारी एकदम सिंहगड, असे करू नये. पायाला अचानक वाढलेला भार सोसत नाही.

पाय गरम लागला तर?

त्वचा फुटण्याआधी ती जागा आतून सुजते आणि गरम होते. दोन्ही पायांच्या त्याच जागांचे तापमान रोज मोजून तुलना करण्याची पद्धत यावरच आधारलेली आहे. एकाच जागी २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक सलग दोन दिवस दिसला, तर चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे मोजमाप करणाऱ्या गटात ८.५ टक्के रुग्णांना पुन्हा जखम झाली, तर न करणाऱ्या दोन गटांत सुमारे ३० टक्क्यांना. कोविडकाळात घेतलेला इन्फ्रारेड थर्मामीटर घरात असेल, तर तो केवळ कपाळासाठी आहे की इतर पृष्ठभागांचे तापमानही दाखवतो, हे पाहून डॉक्टरांना विचारावे. तो नसेल तर हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पायांची तुलना करता येते. पण तो अंदाज झाला, मोजमाप नाही.

एक पाय अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, पण फारसा दुखत नाही, असे झाले तर तो ‘शार्को’ आजार असू शकतो. यात हाडे आतल्या आत मोडतात. मुरगळला असेल म्हणून तेल चोळत बसू नये.

दवाखान्यात कधी जायचे?

नवी जखम, फोड, पू, दुर्गंधी, काळा पडलेला भाग, वाढती लाली किंवा सूज यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी. सोबत ताप, थंडी किंवा कारण नसताना वाढलेली साखर असेल तर रात्रीची वेळ असली तरी थांबू नये. तोवर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन निर्जंतुक पट्टीने झाकावी आणि त्या पायावर भार देऊ नये. ‘दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे’ हे वाक्य या पायांसाठी लागू होत नाही.

काही नसले तरी तपासणी ठरलेली असावी. जखम होऊन गेलेल्यांचे पाय दर एक ते तीन महिन्यांनी तज्ज्ञाने पाहावेत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. संवेदना, नाडी, घट्टे, नखे आणि चप्पल या पाचही गोष्टी त्यात पाहिल्या जाव्यात.

जबाबदारी फक्त रुग्णाची का?

नाही. जखम परत आली की ‘तुम्ही काळजी घेतली नाही’ असे ऐकवणे सोपे असते. नुसत्या माहितीपत्रकाने किंवा एका समुपदेशनाने जखमा टळतात, असे ठामपणे सांगणारा पुरेसा पुरावा संशोधनातही मिळालेला नाही. सवय टिकायला योग्य चप्पल, नियमित तपासणी आणि विचारणारे माणूस लागते.

पाय गमावलेल्यांसाठी पुण्याने बरेच केले आहे. लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र इथे १९४४ पासून आहे. साधू वासवानी मिशनसारख्या संस्था गरजूंना कृत्रिम पाय देतात. पण पाय जाऊ नये यासाठी लागणारी व्यवस्था तितकी दिसत नाही. आरोग्य विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतो. चप्पल, घट्टा काढणे, तीन महिन्यांनी पाय दाखवणे हा खर्च बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात संवेदना गेलेल्या रुग्णांना एमसीआर चपला मोफत दिल्या जातात. बधिर तळवा कुष्ठरोगाने झाला की मधुमेहाने, हे खड्याला कळत नाही. मग तीच सोय मधुमेहींना महापालिकेच्या दवाखान्यांत का मिळू नये?

तीन गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीत रुग्णाला बूट-मोजे काढायला सांगावे. जखम भरल्यावर घरी पाठवताना पुढच्या पायतपासणीची तारीख कागदावर लिहून द्यावी. आणि चप्पल ही औषधाइतकीच उपचाराचा भाग मानून औषधचिठ्ठीवर लिहावी.

हे होईल तेव्हा होईल. आज रात्री मात्र घरातल्या ज्या माणसाच्या पायाला कधी जखम झाली होती, त्याचे दोन्ही तळवे उजेडात पाहा. आणि घरासाठी वेगळी चप्पल आहे का, एवढे विचारा.